फुकट घर कोणाला आणि का? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात झोपडपट्टी पुनर्वसनात म्हणजे एसआरएमध्ये कोण पात्र, कोण अपात्र हे लिहिलं होतं. त्यावर खूप पत्रं आली, बरीचशी रागावलेली. सगळी छापता येणार नाहीत म्हणून चार घेतलीत. नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : मी बँकेत आहे, मिसेस शाळेत शिकवतात. डोंबिवलीत वन बीएचके घेतलाय, हप्ता अजून १५ वर्षं आहे. रोज फास्ट लोकलला लटकून जायचं, आणि ऑफिसच्या खिडकीतून बघायचं की झोपडपट्टी पाडून तिथे टॉवर होतोय आणि त्यांना मुंबईत फुकट घर. सरकारी जागेवर अतिक्रमण केलं त्याचं हे बक्षीस का? मग आम्ही नियमाने वागून काय मिळवलं? (एक वाचक, डोंबिवली)

दादा, तुमचा राग खरा आहे. असंच सुप्रीम कोर्टानेही एकदा म्हटलं होतं, २००० साली दिल्लीच्या कचऱ्याच्या केसमध्ये, की सरकारी जागेवर अतिक्रमण करणाऱ्याला फुकट पर्यायी जागा देणं म्हणजे खिसेकापूला बक्षीस देण्यासारखं आहे. पण त्याच कोर्टाने १९८५ साली मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या केसमध्ये सांगितलं होतं की माणूस तिथे राहतो कारण त्याचं काम तिथे आहे, आणि पोट भरायचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणजे कोर्टालासुद्धा दोन्ही गोष्टी म्हणाव्या लागल्या.

आता फुकटचं बघू. १९९५ साली युतीचं सरकार आलं तेव्हा ४० लाख झोपडीवासीयांना मोफत घरं असं आश्वासन होतं, त्यातून एसआरए आली. सरकार तिजोरीतून काढून घरं बांधत नाही. बिल्डर बांधतो, आणि त्या बदल्यात त्याला जास्तीचा एफएसआय म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकाम करायची परवानगी मिळते, त्यातून तो शेजारी विक्रीचा टॉवर उभा करून खर्च आणि नफा काढतो. तुम्ही खिडकीतून बघताय त्या प्लॉटवर दोन बिल्डिंगा असतील बघा, एक चकचकीत आणि एक मागच्या बाजूला दाटीवाटीची, त्यातली मागची झोपडीवाल्यांची. म्हणजे तुमच्या पगारातून कापलेला टॅक्स थेट तिकडे जात नाही. पण फुकट काहीच नसतं हेही खरं, जमीन सरकारची किंवा महापालिकेची असेल तर ती आपल्या सगळ्यांची होती, आणि तिच्यातला मोठा तुकडा विक्रीच्या टॉवरला जातो. रागवायचंच असेल तर या हिशोबावर रागवा असं मला वाटतं, कारण सगळ्यात जास्त कोणी कमावलं हा प्रश्न कोणी विचारतच नाही, आपण सगळे ३०० फुटांच्या खोलीकडे बोट दाखवत बसतो.

आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय, वाईट वाटून घेऊ नका. घरासाठी सरकारी मदत आपल्या शहरात जवळपास प्रत्येकाला मिळालीय, फक्त तिला वेगवेगळी नावं आहेत. तुम्ही होमलोनवर जुन्या पद्धतीने रिटर्न भरत असाल तर व्याजाची २ लाखांपर्यंत वजावट घेतच असाल, मुद्दलाची ८०सी मध्ये. पंतप्रधान आवास योजनेत वर्षाला १८ लाख कमावणाऱ्या कुटुंबालाही मार्च २०२१ पर्यंत कर्जाच्या व्याजावर अनुदान होतं, दोन लाखांच्या वर. दक्षिण मुंबईत १९४७ च्या भाडे कायद्यामुळे पिढ्यानपिढ्या किरकोळ भाड्यात राहणारे आहेत, त्यात खूप पैसेवालेही आहेत. म्हाडाच्या लॉटरीत वर्षाला १२ लाखांच्या वर उत्पन्न असणाऱ्यांचाही गट आहे आणि आजी-माजी आमदार-खासदारांना वेगळं आरक्षण आहे. कुलाब्याची आदर्श सोसायटी २०१० मध्ये गाजली, युद्धातल्या विधवांचं नाव पुढे करून ३१ मजले उभे राहिले आणि आत राजकारणी, अधिकारी, त्यांचे नातेवाईक. २०२२ मध्ये आमदारांना मुंबईत ३०० घरं द्यायची घोषणा झाली तेव्हा लोक चिडले आणि बरं झालं चिडले.

अजून एक उदाहरण देतो. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० फुटांच्या खोलीत राहणाऱ्यांना ५०० फुटांची घरं मोफत, पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला, शंभर वर्षांच्या त्या चाळींमधून माणसं सुटली. तिथे कोणी फुकटे म्हटलं नाही. ते भाडेकरू होते, भाडं भरत होते हा फरक आहे, मान्य. पण सगळा फरक तेवढाच आहे का? चाळ म्हटलं की आपल्याला आपली माणसं दिसतात, गणपती, दहीहंडी, आणि झोपडपट्टी म्हटलं की परके लोक दिसतात. मानखुर्द-गोवंडीच्या वस्त्यांमध्ये जाऊन बघा, ७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि घाटावरून आलेली किती घरं आहेत. नियमाने वागायचं तर त्यांनी तेव्हा कुठे राहायचं होतं? हमालाला, मोलकरणीला परवडेल अशी भाड्याची खोली कायदेशीर मार्गाने तेव्हा कोणी बांधत नव्हतं, आजही बांधत नाही. २०११ च्या जनगणनेत मुंबईतले ५२ लाख लोक झोपडपट्टीत होते, म्हणजे शंभरातले चाळीसच्या वर. एवढी माणसं एकदम बेईमान नसतात हो.

तुम्हाला डोंबिवलीला जावं लागलं आणि त्यांना झोपडीत राहावं लागलं, कारण एकच आहे, कामाच्या जवळ परवडणारं घर नाही. तुमचं भांडण त्यांच्याशी नाहीये असं मला वाटतं.

प्रश्न : आम्ही भांडुपच्या टेकडीवर २००४ पासून भाड्याने राहतो. खोलीचा मालक ठाण्याला असतो. सर्व्हे झाला, नंबर मारून गेले, आता यादीत मालकाचं नाव पात्र आणि आम्ही कुठेच नाही. मी चार घरची कामं करते, नवरा रिक्षा चालवतो. आम्ही गरीब नाही का? (एक वाचक, भांडुप)

ताई, तुमचं पत्र वाचून वरच्या पत्रापेक्षा जास्त अस्वस्थ झालो. कारण तुम्ही बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. एसआरएमध्ये गरीब आहे का हे कोणी विचारतच नाही, उत्पन्नाची अटच नाही. बघतात मुख्यतः दोन गोष्टी, झोपडी कधीपासूनची आहे आणि माणूस कधीपासून तिथे राहतो. आधी १ जानेवारी १९९५ ही तारीख होती, मग १ जानेवारी २०००, आणि २००० ते १ जानेवारी २०११ च्या मधल्यांना अडीच लाख भरून सशुल्क घर असं २०२३ मध्ये ठरलं. त्यानंतर आलेला कितीही गरीब असो, या योजनेत बसत नाही, आणि आधीचा कितीही कमावता असो, बसतो. हे मला पटत नाही आणि मी ते लिहीत राहणार.

आता तुमच्या कामाचं. नियमात प्रत्यक्ष राहणाऱ्याचं महत्त्व आहे, नुसत्या मालकाचं नाही. म्हणूनच वस्तीतले मालक दर ११ महिन्यांनी भाडेकरू हलवतात आणि लाइटबिल, फोटोपास (झोपडीवासीयाचं सरकारी ओळखपत्र) स्वतःच्या नावावर ठेवतात. तुम्ही त्याच खोलीत टिकून आहात हे तुमचं बळ आहे. २०११ च्या आधीच्या मतदार यादीत त्या पत्त्यावर तुमचं किंवा नवऱ्याचं नाव असेल तर ती यादी निवडणूक कार्यालयातून साक्षांकित करून घ्या, यापेक्षा भारी कागद नाही. रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, गॅसची पावती, मुलांचा शाळेचा दाखला, बाळंतपणाचे हॉस्पिटलचे कागद, त्या पत्त्याचं जे जे असेल ते. मी वस्त्यांमध्ये हे कागद बघतो तेव्हा बायका पत्र्याच्या ट्रंकेतून प्लास्टिकची पिशवी काढतात, त्यात पिशवीत पिशवी, आणि सगळ्यात आत घडी झिजून चिरलेलं लाइटबिल, त्यावर आडनावात एक अक्षर चुकलेलं, आणि त्या एका अक्षरावर माणूस अपात्र झालेला असतो. तेव्हा तुमच्या सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे का ते आजच बघा, नसेल तर प्रतिज्ञापत्र करून ठेवा. परिशिष्ट दोन म्हणजे पात्र-अपात्रांची यादी लागली की आक्षेपाला आणि अपिलाला मुदत असते ती चुकवू नका, अर्ज दिल्याची पोच घ्या शिक्का मारून. आणि कोणी एजंट, कमिटीवाला, खुद्द मालक कोऱ्या कागदावर सही-अंगठा मागायला आला तर देऊ नका. नक्की मिळेल असं खोटं आश्वासन मी देणार नाही, पण अशा केसेस उभ्या राहतात.

प्रश्न : एसआरएचं घर मिळालं की विकतात आणि परत झोपडीत जातात. मग देताच कशाला? (एक वाचक, पुणे)

काही जण विकतात, खरं आहे, घर न विकण्याच्या मुदतीची अट आधी १० वर्षांची होती ती आता कमी केलीय तरीही त्याच्या आत कागद फिरवून विकतात. पण का ते बघा ना. लिफ्ट बंद पडली की दुरुस्तीला वर्गणी, मेंटेनन्स, पंपाचं बिल, हातावर पोट असणाऱ्याला ते दर महिन्याला जड जातं, आणि खाली रस्त्यावर भाजीची गाडी होती तिला नवव्या मजल्यावर जागा नाही. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत दोन बिल्डिंगांच्या मधे इतकी कमी जागा आहे की खालच्या मजल्यांवर दिवसा लाइट लावावा लागतो, टीबीचं प्रमाण तिथे जास्त आहे. माहुलला तर तानसा पाइपलाइनच्या कडेची कुटुंबं नेऊन टाकली रिफायनरीच्या शेजारी, माणसं आजारी पडली आणि शेवटी २०१९ मध्ये हायकोर्टाला सांगावं लागलं की तिथे जबरदस्तीने पाठवू नका. अशा ठिकाणी राहायला कोणी तयार नसेल तर त्याला नालायक म्हणायचं का? आणि विकतात तेव्हा घेतं कोण, तेही विचारा. स्वस्तात मिळतंय म्हणून आपल्यातलेच नोकरीवाले घेतात.

प्रश्न : आमच्या मुलुंडच्या बाजूला मिठागरांवर धारावीचे लोक आणून बसवणार म्हणतात. आम्ही सोसायटीवाले विरोध करतोय तर मुलगी म्हणते बाबा तुम्ही गरिबांच्या विरोधात आहात. आम्ही चुकतोय का? (एक वाचक, मुलुंड पूर्व)

काका, मुलीने विचारलं हे छान झालं. तुमच्या विरोधात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात, त्या सुट्या करा. कांजूर, भांडुप, मुलुंडच्या मिठागरांची मिळून अडीचशे एकरच्या वर जमीन धारावीच्या पुनर्विकासात बाहेर पाठवायच्या लोकांच्या घरांसाठी द्यायचं ठरलंय. मिठागर म्हणजे भरतीचं आणि पावसाचं पाणी सामावून घेणारी जागा, तिथे बांधकाम झालं तर पाणी कुठे जाणार हा प्रश्न एकदम रास्त आहे. पाणीपुरवठा, गटार, शाळा, स्टेशनवरची गर्दी हेही रास्त. हे मुद्दे लावून धरा, लेखी धरा, आकडे मागा.

पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये जी दुसरी भाषा चालते ना, ते लोक आले की चोऱ्या होणार, आमच्या फ्लॅटचे भाव पडणार, आमची मुलं बिघडणार, ती मला सहन होत नाही आणि तुमच्या मुलीलाही तीच टोचली असणार. ते लोक म्हणजे कोण? धारावीत ज्यांची २००० च्या आधीची तळमजल्याची झोपडी आहे त्यांना तिथेच ३५० फूट मिळणार. बाहेर पाठवणार ते नंतर आलेले आणि वरच्या मजल्यावर राहणारे, म्हणजे बहुतेक भाडेकरू, चामड्याच्या, शिवणकामाच्या, भांड्यांच्या कारखान्यात राबणारे. त्यांनाही मुलुंडला यायची हौस नाहीये, त्यांचं काम धारावीत आहे, आणि रोजचा प्रवास त्यांना परवडणार नाही. म्हणजे बघा, तुम्हालाही नकोय आणि त्यांनाही नकोय. मग तुमच्या निवेदनात एवढं एक वाक्य घाला की वरच्या मजल्यावरच्यांना आणि भाडेकरूंनाही धारावीतच जागा द्या, तिथे विक्रीसाठी किती क्षेत्र ठेवलंय ते आधी जाहीर करा. धारावीतल्या रहिवाशांचीही हीच मागणी आहे, धारावीतच घर पाहिजे. त्यांच्या एखाद्या मीटिंगला मुलीला घेऊन जा, तुमचा पाण्याचा आणि गटाराचा मुद्दा तिथेही मांडा, आणि पुढचं निवेदन दोघांच्या सह्यांनी जाऊ द्या.