फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपला २६५/६५ आर१७ ऐवजी २८५/७० आर१७ टायर घालायचे आहेत. २ इंच लिफ्ट केली (सस्पेन्शन उंचावून गाडी वर घेतली) की घासणार नाहीत ना?

फक्त लिफ्टवर विसंबू नका. नवा टायर व्यासात सुमारे ५४ मिमी मोठा, म्हणजे चारी बाजूंनी २७ मिमी जास्त, आणि २० मिमी जास्त रुंद. लिफ्टमुळे गाडी उभी असताना जागा दिसते, पण सस्पेन्शन पूर्ण दबलं की चाक पूर्वीइतकंच वर जातं. बंप स्टॉप (चाकाची वरची हालचाल अडवणारा रबरी ठोकळा) वाढवला तरच ते थांबतं.

खरी घासाघीस पुढच्या चाकांची, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर: मागे मडफ्लॅप, चाकाच्या कमानीतलं प्लास्टिक लायनर आणि बॉडी माउंटला (बॉडी चासीला जोडणारा आधार), आत अप्पर कंट्रोल आर्मला (चाकाला वरून धरणारा सस्पेन्शनचा दांडा). कमी ऑफसेटचं रिम (ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून बसवण्याच्या पृष्ठभागाचं मिमीतलं अंतर; +३० ऐवजी +१५) टायर आर्मपासून दूर नेतं, मात्र वळताना टायर मोठा घेर घेतो आणि बंपरचा कोपरा गाठतो. म्हणून रिम गरजेपुरतंच बाहेर काढा. अलाइनमेंटमध्ये कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कललेला कोन) वाढवून घेतला तर चाक थोडं पुढे सरकतं. माझ्या मते पहिला उपाय हाच. त्यानंतर मडफ्लॅप काढा, लायनर हीट गनने मऊ करून मागे दाबा. बॉडी माउंट कापणं अगदी शेवटी, आणि वेल्डिंग जाणकाराकडूनच.

तपासणी स्प्रिंग काढून करा: गाडी स्टँडवर ठेवून चाक जॅकने बंप स्टॉपपर्यंत उचला आणि दोन्ही टोकांना वळवा. ब्रेक होज आणि एबीएसची वायरही बघा.

स्पीडोमीटर सुमारे ७ टक्के कमी दाखवेल, तो कॅलिब्रेट करा. स्टेपनीही त्याच मापाची हवी.