टिपणांच्या चार वह्या आणि एकच वाक्य

“मॅडम, वाचून सगळं झालंय. फक्त लिहायचं राहिलंय.”

प्रोजेक्ट जमा करायच्या दिवसांत हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत रोज एकदा तरी ऐकू येतं. बोलणाऱ्याचा चेहरा बघितला की कळतं, हे ‘फक्त’ त्याला डोंगराएवढं झालेलं आहे. पदवीला इतिहास घेतलेल्या मुलामुलींचं तर हे नेहमीचंच. परवा एका विद्यार्थ्याच्या आईने विचारलं: मुलगा चार महिने नुसता वाचतोय, एक पान लिहून होत नाही, म्हणतो चुकीचं लिहिलं तर काय, हा आळस म्हणायचा की दुसरं काही?

आळशी माणूस चार महिने वाचत बसत नाही. ही भीती आहे आणि तिच्यावर उपाय आहे. पण तो दोन ओळींत सांगून पटत नाही, म्हणून माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीची हकिगत सांगते. तिने परवानगी दिली आहे आणि तिची ओळख पटेल असं काही मी ठेवलेलं नाही.

ती शेवटच्या वर्षाला होती. विषय तिने स्वतः निवडलेला: १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. प्रोजेक्ट द्यायला १८ दिवस उरले होते. पिशवीतून तिने दोनशे पानी चार वह्या काढल्या आणि कडा जुळवून टेबलावर ठेवल्या. मग लॅपटॉप उघडला. फाइलमध्ये एकच वाक्य होतं: ‘मानवजातीच्या इतिहासात वेळोवेळी अनेक साथी येऊन गेल्या.’ ते किती वेळा खोडून पुन्हा लिहिलं याचा तिलाच हिशेब नव्हता. रात्री तीन-तीन वाजेपर्यंत ती नवे लेख उतरवून घ्यायची. एवढा एक वाचला की लिहायला घ्यायचं, असं ठरवून. त्या एका लेखाच्या शेवटी आणखी वीस लेखांची यादी असायची.

मी विचारलं, “समज, तू लिहिलंस आणि ते चुकलं. पुढे काय होईल?”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिसऱ्या वहीतलं एक पान उघडून तिने माझ्यापुढे सरकवलं. वर ‘एकूण मृत्यू’ असं लिहून खाली दोन रेघा मारलेल्या. त्याखाली २ कोटी, त्यावर काट. मग ५ कोटी, त्यावरही काट. मग १० कोटी आणि पुढे प्रश्नचिन्ह. काट मारताना पेन इतकं दाबलं होतं की खालचं पानही फाटलं होतं.

“तोंडी परीक्षेला विचारणारच, नेमके किती लोक मेले? आणि मला सांगता येणार नाही. चार वह्या भरल्या आणि साधा आकडा माहीत नाही मला.”

खरं दुखणं हे आहे, म्हणून इथे जरा थांबते. शाळेत दहा वर्षं आपण या मुलांना इतिहास कसा शिकवतो? रिकाम्या जागा भरा. योग्य पर्याय निवडा. जोड्या लावा. सन चुकला की गुण गेला. फार तर ‘कारणे द्या’, आणि तीही पुस्तकात क्रमांक घालून तयार. मग पदवीच्या शेवटच्या वर्षी एकदम सांगतो, आता संशोधन कर, तुझं मत मांड. मूल साधनं वाचायला लागतं आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या लक्षात येतं की दोन साधनं एकमेकांशी जुळत नाहीत. दहा वर्षांची सवय त्याच्या कानात सांगते: उत्तरं दोन आहेत म्हणजे एक चूक आहे, आणि बरोबर कुठलं हे तुला कळत नाही म्हणजे तूच कच्चा आहेस. ज्याला विसंगती दिसतच नाही तो भराभर लिहून मोकळा होतो. अडकतात ती बारकाईने वाचणारी, प्रामाणिक मुलं. म्हणून अशा मुलाला ‘तू फार विचार करतोस’ असं कोणी म्हणालं की मला वाईट वाटतं. तो विचार करतोय हेच तर चांगलं आहे.

मी काही इतिहासाची अभ्यासक नाही, आणि मार्गदर्शक सरांचं काम माझं नव्हे. तरी पुढच्या भेटीसाठी मी तिला एक काम दिलं. सगळे आकडे घेऊन यायचे, पण खरा कुठला हे ठरवायचं नाही. कोणी सांगितला, कधी सांगितला आणि सांगताना त्यांच्या हाताशी काय होतं, एवढंच शोधायचं.

ती एका मोठ्या कागदावर उतरवूनच आली. १९२७, अमेरिकेतले जीवाणुशास्त्रज्ञ एडविन जॉर्डन: सुमारे २ कोटी १५ लाख. १९९१, पॅटरसन आणि पाइल: २ कोटी ४७ लाख ते ३ कोटी ९३ लाख. २००२, जॉन्सन आणि म्युलर: सुमारे ५ कोटी, आणि खरा आकडा याच्या दुप्पटही असू शकेल अशी पुस्ती.

“म्हणजे नवा तो बरोबर,” ती म्हणाली. तिचे खांदे पहिल्यांदाच जरा सैल झालेले दिसले. “अभ्यास वाढत गेला तसा आकडा वाढला.”

“यादी इथेच संपते?”

तिने दुसरी वही उघडली, पानं उलटली आणि एका पानावर थांबली. २०१८ चा एक अभ्यास तिने स्वतःच टिपून ठेवला होता: १ कोटी ७४ लाख. सगळ्यांत नवा आणि सगळ्यांत लहान.

आता ही रडणार, असं मला वाटलं. पण ती कागदाकडे बघत राहिली आणि हळूहळू बोलायला लागली, माझ्याशी कमी, स्वतःशीच जास्त. जॉर्डन यांनी लिहिलं तेव्हा साथ सरून दहा वर्षंही झाली नव्हती, कितीतरी प्रदेशांची नीट माहिती त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. २००२ च्या अभ्यासकांना मधल्या काळात निरनिराळ्या देशांत झालेलं काम हाताशी मिळालं. २०१८ वाल्यांनी ज्या देशांच्या नोंदी धड आहेत त्यांवरून बाकीच्या जगाचा अंदाज बांधला. “भारताचंच बघा ना मॅडम. जॉर्डन सव्वा कोटी धरतात. १९८६ मध्ये अभ्यासक मिल्स म्हणतात १ कोटी ७० ते ८० लाख. मधले पन्नास लाख गेले कुठे?” मग तिनेच सांगितलं. गावात मृत्यूची वर्दी देणारा कोणी डॉक्टर नसायचा. इन्फ्लुएंझाचे कितीतरी मृत्यू नुसते ‘ताप’ या रकान्यात गेले. शिवाय नोंद ठेवणारेही त्याच साथीत आजारी पडले होते. आणि मग १९२१ ची जनगणना. आजच्या भारताच्या हद्दीत १९११ ला २५ कोटी २१ लाख माणसं होती, दहा वर्षांनी २५ कोटी १३ लाख. एरवी दर दशकात वाढणारी लोकसंख्या त्या एकाच दशकात घटली.

“नोंदीतून सुटलेली माणसं शिरगणतीत रिकाम्या जागेसारखी दिसली,” ती म्हणाली आणि लगेच स्वतःला आवरलं. “पण सगळी घट साथीच्या नावावर टाकता येणार नाही. त्या दशकात प्लेगही होता.”

ती बारा-पंधरा मिनिटं बोलत होती. मी तिची वाक्यं, जमतील तशी, एका कागदावर उतरवत होते. ती थांबल्यावर कागद तिच्या हातात दिला. “हे घे. दीड पान झालं.”

“मी तर नुसतं बोलले.”

“बोललीस तेच लिहायचं आहे.”

लिहिता येत नसेल तर बोला, हे मी आता जवळजवळ प्रत्येकाला सांगते. वही मिटायची आणि विषयाची माहिती नसलेल्या कुणाला तरी आपल्याला काय सापडलं ते सांगायचं. ऐकणाऱ्याने मध्ये शिकवायचं नाही, ‘मग?’ आणि ‘हे कशावरून?’ एवढंच विचारायचं. फोनवर आवाज रेकॉर्ड केला तरी चालतो. त्या आईलाही मी हेच सांगितलं. ‘किती पानं झाली?’ हा प्रश्न घरात आठवडाभर बंद करा आणि ‘आज काय सापडलं?’ असं विचारा. उत्तर पूर्ण ऐका, भाजी निवडता निवडता ऐकलं तरी चालेल.

माझ्या सांगण्यावरून त्या विद्यार्थिनीने तो आकड्यांचा कागद मार्गदर्शक सरांना दाखवला. तोवर प्रोजेक्टचं शीर्षक होतं ‘१९१८ ची साथ: कारणे, स्वरूप व परिणाम’. सरांनी कागद बघितला आणि विषय कमी करून दिला: साथीतल्या मृतांची मोजणी कशी झाली, एवढंच. चार वह्यांतली तीन-चतुर्थांश टिपणं एका झटक्यात बाजूला पडली. याचं तिला वाईट वाटेल अशी माझी समजूत होती. ती म्हणाली, रात्री पाठीवरून कुणीतरी पोतं उतरवल्यासारखं वाटलं.

त्यानंतर मात्र एक अडचण आली, जिला समुपदेशनाचा काही उपयोग नव्हता. दोन परिच्छेद लिहून तिने पुसून टाकले, कारण त्यातलं एक वाक्य ओळखीचं वाटलं. ते आपलं की कुठूनतरी आलेलं, तिला सांगता येईना. वह्या पाहिल्यावर कारण कळलं. चारही वह्या एकाच निळ्या शाईत. लेखकाचे शब्द जसेच्या तसे, त्याचा सारांश आणि तिची स्वतःची शंका, सगळं एकाखाली एक. अवतरणचिन्हं नाहीत, पृष्ठक्रमांक नाहीत. अशा वेळी ‘स्वतःवर विश्वास ठेव’ म्हणणं म्हणजे गळक्या छताखाली बसलेल्याला धीर देणं. छत शाकारायला हवं. आम्ही ठरवलं, दुसऱ्याचे शब्द लाल शाईत आणि शेजारी पृष्ठक्रमांक, दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत असेल तर निळ्या शाईत, तेही पृष्ठक्रमांकासह, आणि स्वतःच्या मनात आलेलं पेन्सिलने. जुन्या टिपणांपैकी नव्या विषयाला लागणारी तेवढीच पानं तिने ग्रंथालयात बसून पुन्हा मुळाशी ताडून पाहिली. दीड दिवस गेला. दोन ओळींचं मूळ सापडलं नाही, त्या तिने सोडून दिल्या. त्यातली एक तिची फार आवडती होती.

पहिल्या वर्षालाच कुणी ही तीन रंगांची सवय लावली तर शेवटच्या वर्षाची निम्मी घबराट होणारच नाही, असं मला मनापासून वाटतं.

चौथ्या भेटीत ती एकदम म्हणाली, “मॅडम, मरणारे माझ्या वयाचे होते.” एरवी इन्फ्लुएंझा लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना नेतो. त्या साथीत २० ते ४० वयाची धडधाकट माणसंही मोठ्या संख्येने गेली. चित्रकार एगॉन शीले २८ व्या वर्षी, ३१ ऑक्टोबर १९१८ ला व्हिएन्नात गेला. त्याची गरोदर बायको तीनच दिवस आधी गेली होती. तिची शेवटची रेखाचित्रं त्यानेच काढली. ती चित्रं या मुलीने रात्री दोन वाजता एकटीने पाहिली होती. हिंदीतले कवी निराला तेव्हा जेमतेम विशीतले. त्यांची पत्नी आणि घरातली किती माणसं गेली. प्रेतांनी भरलेल्या गंगेबद्दल त्यांनी साथीनंतर सुमारे वीस वर्षांनी लिहिलं.

हे मी पहिल्याच भेटीत विचारायला हवं होतं. मरणाबद्दल महिनोन्‌महिने वाचणाऱ्या मुलाच्या मनावर त्याचं ओझं येतं, आणि इतिहास ‘झालेलं गेलेलं’ असल्यामुळे ते ओझं कुणी मोजत नाही. आम्ही ठरवलं, संध्याकाळनंतर मृत्यूंची वर्णनं वाचायची नाहीत आणि अकराला लॅपटॉप बंद. पहिल्या तीन रात्री झोप आली नाही, चौथ्या रात्री आली. एक मात्र स्पष्ट सांगते. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली असेल, छातीत धडधड होऊन श्वास अडकत असेल किंवा जगू नये असं मनात येत असेल, तर प्रोजेक्ट संपायची वाट बघू नका. लगेच डॉक्टरांना भेटा. तारीख वाढवून मागता येते.

निराला यांच्या आठवणीबद्दल तिने मला विचारलं, वीस वर्षांनी लिहिलेलं पुरावा म्हणून चालतं का? मी तिला सरांकडे पाठवलं. त्यांनी सांगितलं, मोजणीसाठी नाही चालणार, पण ज्यांची मोजणीच झाली नाही त्यांच्याबद्दल लिहिताना चालेल; फक्त ते कधी लिहिलं गेलं हे सांगायचं. तिने प्रोजेक्टची सुरुवातच तिथून केली. ‘मानवजातीच्या इतिहासात’ हे वाक्य कधी गळून पडलं, ते तिच्याही लक्षात आलं नाही.

प्रोजेक्ट वेळेवर गेला. तोंडी परीक्षेच्या दिवशी दुपारी ती येऊन बसली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोच प्रश्न विचारला होता: नेमके किती लोक मेले? क्षणभर घसा कोरडा पडला, म्हणाली. मग तिने चारही आकडे सांगितले, कोणाचा कुठला, कधीचा, कशाच्या आधारावर, आणि भारतापुरता कुठला तिला जास्त पटतो आणि का. परीक्षकांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. तो काय होता, ते मात्र तिला आठवत नव्हतं.