पक्ष्यांचं काहीही विचारा : खाडी असताना तळं कशाला हवं?

प्रश्न : ताई, आमच्या नेरुळच्या तळ्यावर दरवर्षी फ्लेमिंगो येतात. मध्ये तळ्याचं पाणी आटलं तेव्हा बराच गदारोळ झाला. पण शेजारी ठाणे खाडीत एवढं मोठं अभयारण्य आहे की! पक्षी तिकडे जाणार नाहीत का?

उत्तर : जातातच, रोज जातात. पण भरतीच्या वेळी काय होतं ते बघा. फ्लेमिंगो खातो खाडीच्या उघड्या चिखलावर, आणि भरती चढली की तो चिखल सगळा पाण्याखाली जातो, उभं राहायला उथळ जागाच उरत नाही, मग हे थवेच्या थवे नेरुळ-सीवूड्सच्या तळ्यांवर येऊन टेकतात आणि ओहोटी लागली की परत खाडीत. अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं, 2022 मध्ये खाडीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला, पण हे तळं त्या अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे. खाडीचं पाणी तळ्यात यायची वाट बुजली की तळं आटतं नाहीतर पाणी कुजतं. म्हणून मला तरी तो गदारोळ अगदी योग्य वाटतो, नुसती खाडी वाचवून भागणार नाही.

पुढच्या वेळी दुर्बीण घेऊन जा आणि फक्त एका पक्ष्याची चोच बघत बसा. डोकं उलटं करून चोच पाण्यात बुडवतो, जीभ पंपासारखी मागेपुढे करून पाणी आत घेतो, बाहेर फेकतो, आणि चोचीच्या कडेला जी बारीक गाळणी असते तिच्यात शेवाळ अडकतं. आपल्याकडे जास्त दिसणारा छोटा फ्लेमिंगो मुख्यतः ह्याच सूक्ष्म शेवाळावर जगतो, गुलाबी रंगही त्यातूनच येतो. पिल्लू जन्मतः राखाडी असतं, चोच सरळ असते, आणि आई-बाप दोघंही त्याला घशात तयार होणारं लाल दूध पाजतात! ते मात्र इथे दिसणार नाही, अंडी घालायला हे कच्छच्या रणाकडे जातात.

लांबचा प्रवास बहुतेक रात्रीच करतात, त्यामुळे धोका आकाशातही आहे. 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरवर विमानाची धडक बसून जवळपास 40 फ्लेमिंगो गेले, ते वाचून फार वाईट वाटलं होतं.

प्रश्न : घोडबंदर रोडला आमच्या टॉवरच्या काचांवर पक्षी आपटतात. आतून पडदे लावले तरी तेच. काय करू?

उत्तर : पडदा आत आणि प्रतिबिंब बाहेर, म्हणून उपयोग होत नाही. पक्ष्याला काचेत झाडं आणि आकाश दिसतं, तो सरळ आत शिरायला जातो. जे काय लावायचं ते बाहेरून लावा, जाळी किंवा पांढरे ठिपके, आणि ठिपक्यांत दोन इंचांपेक्षा जास्त अंतर नको. एखादा स्टिकर चिकटवून काही होत नाही. पक्षी गुंगून पडला असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात शांत ठेवा, चोचीत पाणी अजिबात ओतू नका. तासा-दोन तासांनी खोकं बाहेर नेऊन उघडा, तरीही उडाला नाही तर वनविभागाच्या 1926 नंबरवर फोन करा.