बंपर घासला, विमा कंपनीला कळवायचं का?

आधी एक गल्लत दूर करा: कळवणं वेगळं आणि क्लेम करणं वेगळं. अपघात झाला की लवकरात लवकर कळवा, असं बहुतेक पॉलिसींच्या अटींत लिहिलेलंच असतं. पैसे मागायचे की नाही, ते नंतर ठरवता येतं.

आपलीच गाडी आपल्याच खांबाला घासली तर एकवेळ ठीक. पण दुसऱ्याची गाडी किंवा माणूस त्यात असेल, तर नुसतं खरचटलं असलं तरी कळवाच. आज ‘जाऊ द्या हो’ म्हणणारा माणूस महिन्याभराने भरपाईची नोटीस धाडू शकतो. तेव्हा पहिल्यांदा सांगायला गेलात, तर उशिराचं कारण पुढे करून कंपनी हात वर करू शकते.

धोका नसेल तर गाडी हलवण्याआधी फोटो काढा. नुसत्या चेपलेल्या दाराचे नकोत. दोन्ही नंबरप्लेट आणि गाड्या रस्त्यावर कशा उभ्या आहेत हे दिसेल, असा एक तरी लांबून घ्या.

फोनवर घडलं तेवढंच सांगा. वेग आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. ‘बहुतेक माझंच चुकलं’ असले अंदाज नकोत. चूक कोणाची हे ठरवणं तुमचं काम नाही. नोंदीचा क्रमांक मात्र मागून घ्या.

बाकी ओरखड्यासाठी क्लेम सहसा परवडत नाही. तुमच्या वाट्याची रक्कम वजा जाते, वर नो क्लेम बोनसही, म्हणजे वर्षभर क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूटही, बुडू शकते. करायचाच असेल तर सर्व्हेयरने, म्हणजे नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाने, पाहण्याआधी गॅरेजवाल्याला पाना लावू देऊ नका.