स्टॅम्प, स्टेन्सिल आणि अ‍ॅक्रिलिकचे लेयर देताना तिसऱ्या लेयरला सगळं मातकट का होतं? आणि स्टेन्सिल वापरून केलेलं चित्र आपलं म्हणता येतं का?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. पहिल्याचं उत्तर सोपं आहे ते आधी देऊन टाकते, दुसऱ्यावर मात्र मला सविस्तर बोलायचंय कारण त्यावरून आमच्या घरात अजून वाद मिटलेला नाही.

मातकट होतं ते घाईमुळे. पिवळ्यावर जांभळा, केशरीवर निळा, लालवर हिरवा असे समोरासमोरचे रंग ओले असताना एकमेकांत गेले की तपकिरीच होणार, महागडा रंग आणलात तरी तेच. अ‍ॅक्रिलिक एकदा पूर्ण वाळलं की पाण्याने परत सुटत नाही, मग वर काहीही टाका. पातळ हात पंधरा-वीस मिनिटांत कोरडा लागतो, पण स्टेन्सिलमधून ओढलेली टेक्श्चर पेस्ट (उंचवटा उठवणारी जाड पेस्ट) रात्रभर ठेवावी लागते, आणि जुलैत आमच्या सांगलीत त्याहून जास्त. हेअर ड्रायर जवळून मारू नका, वरची साय आधी वाळते आणि पेस्टला फोड येतात. खाली वॉटरकलर किंवा साधी डाय इंक असेल तर ती वाळलेली दिसली तरी वरच्या ओल्या रंगात परत सुटते, आधी फिक्सेटिव्ह (रंग धरून ठेवणारा फवारा) मारा किंवा मॅट मीडियमचा, म्हणजे बिनरंगाच्या अ‍ॅक्रिलिकचा, एक हात हलकाच, न घोळवता द्या. आणि ट्यूबवरचा बारीक चौकोन बघा, रिकामा असेल तर रंग पारदर्शक, भरलेला असेल तर अपारदर्शक. वरचे थर पारदर्शक ठेवले तरच खालचं दिसेल, नाहीतर तुम्ही लेयर देत नाही आहात, झाकत आहात.

आता दुसरा भाग. "स्टेन्सिल वापरलं तर ते आपलं चित्र का" हा प्रश्न मी माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीकडून ऐकलाय, आणि तोही चारचौघांत.

आमचे आप्पा सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात होते. हळदीच्या पोत्यांवर मार्का मारायचं काम. व्यापाऱ्याचं नाव, लॉट नंबर, जायचं ठिकाण. त्यासाठी लागणारे पत्रे ते स्वतः कापायचे, तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा सरळ ठोकून, त्यावर खिळ्याने अक्षर ओढून, बारीक छिन्नीने. ज्यांनी देवनागरीचं स्टेन्सिल कधी कापलंय त्यांनाच कळेल त्यात काय आहे. इंग्रजीत ओ, ए, बी अशा मोजक्या अक्षरांना पोट असतं, आपल्याकडे व, ब, क, ठ, सगळ्यांच्या पोटातला तुकडा कापल्यावर गळून पडतो, म्हणून मध्ये पत्र्याच्या पट्ट्या सोडाव्या लागतात. वर शिरोरेषा. ती सलग कापली तर पत्र्याला लांब भेग पडते आणि पोत्यावर दाबल्यावर पत्रा वाकून रंग आत पळतो. आप्पा प्रत्येक अक्षरावर शिरोरेषा तोडायचे आणि तोडायची जागा अशी निवडायचे की लांबून वाचताना ती सलगच वाटावी. हे त्यांना कुठल्या शाळेत शिकवलेलं नव्हतं.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या खालच्या खोलीत शिरलं, आणि नंतर गाळ काढताना सुतळीने बांधलेला त्या पत्र्यांचा गठ्ठा सापडला. गंजलेला, पण अक्षरं शाबूत. ताई म्हणाली भंगारात दे. मी ठेवून घेतला. तेव्हा मी मिक्स मीडिया करत होते पण तुमच्यासारखंच, ऑनलाइन मागवलेली फुलपाखरं, घड्याळं, दातेरी चाकं, तीच सगळीकडे दिसतात ती.

मग प्लायवर बारदान चिकटवलं. ताग पुढे काळवंडतो म्हणून आधी मीडियम आणि मग जेसोचे (रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) हात दिले. त्यावर आप्पांच्या जुन्या हिशेबपट्ट्या. मूळ पट्ट्या लावल्या नाहीत कारण दुकानाच्या शिक्क्याची जांभळी शाई पाण्याला फुटते, झेरॉक्स काढून लावल्या. झेरॉक्सचा टोनर पसरत नाही, घरच्या इंकजेटचा प्रिंट हमखास पसरतो, हे लक्षात ठेवा. त्यावर पारदर्शक पिवळा आणि थोडा यलो ऑकर. खरी हळद का नाही वापरली असं बरेच जण विचारतात, तर हळदीचा रंग उन्हात उडतो आणि चुन्यासारखं काही लागलं तर लाल होतो, भिंतीवर टांगायच्या चित्रात तिचा भरवसा नाही. पण ठसा मात्र हळदीचाच घेतला. ओलं हळकुंड आडवं कापलं की आत एक गोल कडी दिसते, त्याला रंग लावून ठसे मारले. ठसे नेहमी टेक्श्चरच्या आधी. पेस्टच्या उंचवट्यावर ठसा नीट बसतच नाही, अर्धाच उठतो. रबराचे किंवा क्लिअर स्टॅम्प अ‍ॅक्रिलिकने वापरणार असाल तर लगेच धुवा, वाळलं की नक्षी भरून जाते आणि स्टॅम्प गेला.

त्यानंतर आप्पांच्या पत्र्यातून पेस्ट ओढून अक्षरं उठवली, वाळल्यावर काही ठिकाणी पांढरा जेसो पातळ करून मागे ढकलली, आणि सगळ्यात वर काळा मार्का. आणि इथे आप्पा स्वतः येऊन बसले. वय झालंय, हात थोडा कापतो. मी स्पंजने रंग लावत होते तर म्हणाले, "ते ठेव. कुंचा दे. उभा धर. घासू नगंस, ठोक." कुंचा रंगात बुडवून आधी रद्दी गोणपाटावर पुसून घेतला, जवळजवळ कोरडा केला, आणि मग उभा धरून ठोकला. धार अशी आली की ब्लेडने कापल्यासारखी. तुमच्या स्टेन्सिलच्या खाली रंग जातो असं तुम्ही लिहिलंय ना, त्याचं उत्तर हेच आहे. रंग कमी, कुंचा उभा, आडवा हात फिरवायचा नाही. तुमच्यासमोर ते पाच मिनिटं बसले असते तर तुम्हाला व्हिडिओ बघावे लागले नसते.

ते चित्र गावातल्या एका प्रदर्शनात लागलं. ताई ए.टी.डी. म्हणजे कलाशिक्षकाचा डिप्लोमा झालेली आहे, एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे क्लास घेते, तिचीही चित्रं शेजारच्या भिंतीला होती, निसर्गचित्रं, खरंच चांगली असतात, घाटाचं पाणी तिच्यासारखं मी कधी काढू शकणार नाही. एका बाईंनी माझ्या चित्रापुढे उभं राहून विचारलं हे कसं केलंय, मी सांगायच्या आत ताई म्हणाली, "ते तिने काढलेलं नाही, जमवलंय. छापे आहेत." बाई हसून पुढे गेल्या. आप्पा तिथेच खुर्चीवर बसले होते. मला काय लागलं असेल तर ते मला म्हणाली ते नाही, आप्पांच्या देखत म्हणाली ते.

घरी आल्यावर मी विचारलं तर म्हणे, "आप्पांनी ते पोटासाठी केलं. त्याला कला म्हणून तू त्यांचा मान वाढवत नाहीस, कलेचा कमी करतेस. रेष दिसायला पाहिजे, हात दिसायला पाहिजे."

हात? त्या पत्र्यातला ठ बघा. छिन्नीचा प्रत्येक घाव दिसतो. आणि क्लासमध्ये ती स्वतः काय शिकवते? संकल्पचित्रात एकच घटक बटरपेपरवर ट्रेस करून चार कोपऱ्यांत उतरवतातच ना पोरं? तिथे ट्रेसिंग चालतं, मार्क मिळतात, आणि पत्रा ठेवून मार्का मारला की तो छापा? अक्षरलेखनाचं तर बोलायलाच नको. आप्पांना त्या पेपरला बसवलं असतं तर एका मोजपट्टीवर सगळ्या वर्गाच्या पुढे गेले असते.

मी तिला ब्राकचंही सांगितलं. ब्राक म्हणजे पिकासोबरोबर ज्याने क्यूबिझम, वस्तू तुकड्या-तुकड्यांत मोडून मांडायची चित्रशैली, उभी केली तो. त्याचे वडील आणि आजोबा घरं रंगवायचे, तो स्वतःही आधी तेच काम शिकला, लाकडाच्या रेषा रंगाने हुबेहूब उठवणं वगैरे ही त्या धंद्यातलीच कामं. 1911 मध्ये केलेल्या 'ल पोर्तुगे' या चित्रात त्याने स्टेन्सिलची अक्षरं आणि आकडे टाकले. कॅनव्हासवर, पोत्यावर असतात तशी. रंगाऱ्याच्या हत्यारांतून ती चित्रात आली आणि आज ते चित्र स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या संग्रहालयात आहे. ताई म्हणाली, "तो ब्राक होता." मग? तो ब्राक झाला त्यात बापाच्या धंद्याचाही वाटा आहे, असं मी म्हणते. लांब कशाला जायचं, मथुरा-वृंदावनात सांझी होते, कागद कात्रीने कापून त्याचे साचे जमिनीवर मांडून त्यातून कोरडे रंग टाकतात, एका आकृतीसाठी एकावर एक साचे. ती काय कमी कला आहे? तिथे बघणारे सगळे जाणतात की अवघड काम कापण्यात आहे.

म्हणून तुम्हाला माझं स्पष्ट मत. तयार सेट विकत घेऊन पाकिटावर छापलेल्या नमुन्यासारखंच चित्र केलंत तर ते तुमचं नाही, सराव म्हणून ठीक आहे, सही करू नका. तोच स्टेन्सिल अर्धा वापरलात, उलटा करून त्याला लागलेला ओला रंग दुसरीकडे टेकवलात, वरून खरवडून खालचा थर बाहेर काढलात, तर तिथून ते तुमचं व्हायला लागतं. आणि स्वतः कापलंत तर प्रश्नच मिटला. खर्च काही नाही. जुना एक्स-रे गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिजवा, काळा थर घासून काढा, स्वच्छ फिल्म मिळते, काच खाली ठेवून कटरने कापा. पहिलं अक्षर व घ्या. पोट गळून पडेल, मग पट्टी कुठे सोडायची ते आपोआप कळेल. तुमच्या घरातही काहीतरी असेल, रांगोळीचे पत्र्याचे छापे, चकलीच्या सोऱ्याच्या चकत्या, आईच्या भरतकामाचे टोचलेले कागद. त्या टोचलेल्या कागदातून तर रंगाची पूड घासून नक्षी उतरते. दुकानात जायच्या आधी माळ्यावर चढा.

हां, एक सांगायला हवं, ताईचं एक म्हणणं मला मान्य आहे. ज्याला अजिबात ड्रॉइंग येत नाही त्याचे लेयर लवकरच सारखे दिसायला लागतात, कारण कुठे मोकळी जागा सोडायची हे स्टेन्सिल सांगत नाही. तेवढ्यासाठी रोज थोडं स्केचिंग करा. पण रेष येते म्हणून छापा हलका होत नाही, हे मी तिला कितीदाही सांगेन.

बाकी काही गोष्टी राहिल्या. कागदावर करत असाल तर निदान 300 जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप) जाड कागद घ्या आणि दोन्ही बाजूंना जेसो द्या, नाहीतर पेस्टने कागद वळतो. तयार डिझाइनची चित्रं विकणार असाल तर त्या कंपनीच्या अटी आधी वाचा, काही जण विक्रीला परवानगी देत नाहीत. गंजलेला पत्रा हाताळताना हातमोजे घाला, आणि गंज नीट घासून त्यावर लॅकरचा हात मारल्याशिवाय पाण्याच्या रंगाला लावू नका, पिवळ्यातून तपकिरी डाग वर येत राहतात. कुठल्या कंपनीची शाई घ्यावी ते तुम्ही विचारलंय, अ‍ॅक्रिलिकवर बसणारी पर्मनंट बघून घ्या एवढंच, त्यात नावाचं विशेष काही नाही. वार्निश शेवटी, आणि भर पावसात मारू नका, हवेतल्या ओलीने ते पांढुरकं होतं. मी गणपतीनंतर, ऊन पडायला लागलं की मारते.