सुनेच्या फोनवरच्या बाळाच्या जाहिराती

प्रश्न : माझी सून पाचव्या महिन्यात होती. जूनमध्ये बाळ गेलं. आता ती कामावर जाऊ लागली आहे, पण फोन उघडला की डायपर, पाळणे, झबली-टोपरी, तेच ते. परवा जेवताना फोनकडे बघून ताटावरून उठली. हल्ली माझ्याही फोनवर तसलंच येतंय. मी काही शोधलं नव्हतं. बाळाच्या कपड्यांच्या दुकानातून दुपटी घेतली, तेव्हा बिलासाठी नंबर दिला होता, एवढंच. मुलगा म्हणतो, फोन आपलं बोलणं ऐकतो. हे खरं का? ती झोपली की तिचा फोन घेऊन सगळं पुसून टाकावं असं मनात आहे. कुठे काय दाबायचं ते सांगाल का?
– एक सासू, कराड

उत्तर : काकू, तुमच्या पत्रातली शेवटची गोष्ट आधी घेते. ती झोपलेली असताना फोन घेऊ नका. तुमची माया कळते मला, पण त्या फोनमध्ये सोनोग्राफीचे फोटो असतील, मैत्रिणीला रात्री पाठवलेले मेसेज असतील. त्यातलं काय ठेवायचं आणि काय पुसायचं, हे तिचं तिला ठरवू द्या. आपण कंपन्यांपासून तिची माहिती जपायची म्हणतोय. मग घरातल्यांनी तरी न विचारता तिच्या फोनला हात का लावावा? तिला सरळ विचारा : "या जाहिराती बंद करता येतात म्हणे. तू करतेस, की कुणी करून देऊ?" तिला नवऱ्याकडून किंवा मैत्रिणीकडून करून घ्यावंसं वाटलं, तर तसं होऊ द्या. नको म्हणाली तर थांबा, थोड्या दिवसांनी पुन्हा विचारा.

आता फोन ऐकतो का, ते. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७ हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप्स तपासली होती. चोरून बोलणं ध्वनिमुद्रित करून बाहेर पाठवल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. काही ॲप्स स्क्रीनवर काय चाललंय त्याचं चित्रण मात्र दुसऱ्या कंपन्यांना पाठवत होती. खरं सांगायचं तर, ऐकण्याची कंपन्यांना गरजच पडत नाही. गरोदरपणाच्या ॲपमध्ये शेवटच्या पाळीची तारीख भरली की ॲप प्रसूतीची तारीख काढतं, आणि कितवा आठवडा चालू आहे हे त्याला रोज ठाऊक असतं. ही माहिती ॲपपुरतीच राहते असंही नाही. पाळीची नोंद ठेवणारं फ्लो नावाचं ॲप बायकांची माहिती फेसबुक, गूगल यांच्या विश्लेषण सेवांना पुरवत होतं, असा आरोप ग्राहकांचं हित बघणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी फेडरल ट्रेड कमिशनने केला होता. २०२१ मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटलं. त्यात भर म्हणजे प्रत्येक फोनला जाहिरातींसाठी एक लांबलचक क्रमांक असतो. या ॲपमधली बाई आणि त्या ॲपमधली बाई एकच, हे कंपन्या त्यावरून ओळखतात.

बाळ येणार, हे तुमच्या सुनेने दहा ठिकाणी लिहिलं असेल. बाळ गेलं, हे तिने कुठेच लिहिलं नसणार. कोण लिहील? म्हणून त्यांच्या हिशेबात तिचे आठवडे अजून पुढे सरकताहेत.

तुमच्या फोनचं कोडं बहुधा त्या बिलात आहे. दुकानं गिऱ्हाइकांच्या नंबरांची यादी जाहिरात कंपन्यांना देऊ शकतात. तो नंबर तुमच्या खात्याशी जुळला की जाहिरात तुमच्याकडे येते. बिलासाठी मोबाइल नंबरचा आग्रह धरू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्येच दुकानदारांना कळवलं आहे. पुढच्या वेळी "नंबर देणार नाही" म्हणा आणि कागदी बिल मागा. त्या दुकानाचे एसएमएस येत असतील तर नको असलेल्या जाहिराती थांबवण्याच्या १९०९ या क्रमांकावर कळवून बंद करता येतात, पण ॲपमधल्या जाहिरातींना तो उपाय लागू पडत नाही.

सुरुवात गरोदरपणाच्या ॲपपासून करा. स्क्रीनवरून ते नुसतं काढून टाकलं तर खातं कंपनीकडे तसंच राहतं, ईमेल येतच राहतात. म्हणून आधी ॲप उघडून त्याच्या सेटिंग्जमध्ये जायचं. गर्भपात झाल्याची नोंद करायची सोय बऱ्याच ॲप्समध्ये असते. ती केली की आठवड्यांचे संदेश थांबतात. ती नोंद करणं तिला जड जाणार असेल तर थेट खातं डिलीट करायचं, आणि मगच ॲप काढायचं.

मग गूगल. खात्यात 'डेटा अँड प्रायव्हसी'खाली 'माय ॲड सेंटर' आहे. तिथे 'कस्टमाइझ ॲड्स'मध्ये 'सेन्सिटिव्ह' हा भाग उघडा. दारू, जुगार, डेटिंग, वजन कमी करणं यांच्याबरोबर 'प्रेग्नन्सी अँड पेरेंटिंग' दिसेल, ते बटण बंद करायचं. यूट्यूब आणि गूगल सर्चवर त्याचा फरक पडतो. अधूनमधून एखादी जाहिरात तरीही निसटून येईल, तेवढी तिला कल्पना देऊन ठेवा. 'माय ॲड सेंटर'मध्येच 'मॅनेज प्रायव्हसी'खाली गूगलने आपल्याबद्दल बांधलेले अंदाजही दिसतात : लग्न, शिक्षण, घर स्वतःचं की भाड्याचं, मुलं आहेत का. माझ्या वर्गात एका निवृत्त मास्तरांनी हे पान उघडलं, तर आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांत राहिलेला माणूस तिथे घरमालक निघाला. तो अंदाज त्यांनी तिथल्या तिथे बंद केला. सुनेच्या पानावर पालकत्वाचा रकाना असेल, तोही तसाच बंद करता येतो.

इन्स्टाग्राम-फेसबुकला 'अकाउंट्स सेंटर'मध्ये 'ॲड प्रेफरन्सेस' असतं. तिथे विषयांत 'पेरेंटिंग' शोधून 'सी लेस' निवडायचं. समोर जाहिरात आलीच तर कोपऱ्यातल्या तीन टिंबांवरून लपवायची. खरेदीच्या ॲपमध्ये टोपली, विशलिस्ट आणि पाहिलेल्या वस्तूंची यादी रिकामी करायची. यूट्यूबचा जुना इतिहासही पुसावा, पण त्यात तिला हवं असलेलं काही नाही ना, हे तिला विचारूनच.

शेवटी तो जाहिरातींचा क्रमांक. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये वरच्या शोधचौकटीत 'ॲड्स' लिहा आणि 'डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी' दाबा. आयफोन असेल तर 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये 'ट्रॅकिंग' बंद करा. २०२१ पासून तिथे दुसऱ्या ॲप्समध्ये माग काढण्याआधी ॲपला परवानगी मागावी लागते. याने जाहिराती थांबणार नाहीत, पण या ॲपमधली माहिती त्या ॲपला जोडणं अवघड होईल. हेच सगळं तुमच्याही फोनवर करून घ्या.

हे एका बैठकीत उरकायचा आग्रह नको. ॲपच्या खात्याला मात्र उशीर करू नका. जूनमध्ये पाचवा होता म्हणजे तारीख दिवाळीच्या आसपासची असणार, आणि त्या सुमाराला ॲप "बाळ आलं का?" असं विचारू शकतं. तो ईमेल तिच्यापर्यंत पोचता कामा नये. बाकीचं मागेपुढे झालं तरी चालेल, खातं दिवाळीआधी बंद करा.