जुन्या डिझेल स्विफ्टला बाहेरचा एअर इन्टेक बसवल्यास पिकअप वाढतो का?

मूळ ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) सेटिंगवर चालणाऱ्या १.३ लिटर डिझेल स्विफ्टला बाहेरचा इन्टेक (कंपनीच्या फिल्टर व एअरबॉक्सऐवजी बाजारातून घेतलेला, इंजिनात हवा नेणारा भाग) बसवून जाणवण्याजोगा पिकअप मिळत नाही. आवाज तेवढा वाढतो. पेट्रोल इंजिनाची ताकद थ्रॉटलमधून (हवेच्या झडपेतून) आत येणाऱ्या हवेवर ठरते, तर डिझेलमध्ये ती फवारल्या जाणाऱ्या इंधनावर ठरते आणि टर्बोमुळे (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यामुळे) हवा बहुधा गरजेपेक्षा जास्तच असते, त्यामुळे ईसीयूने डिझेल वाढवल्याशिवाय जादा हवा एक्झॉस्टमधून तशीच निघून जाते. उलट, अशा इन्टेकच्या कॉटन फिल्टरला जास्त तेल लावले गेले तर ते एअर फ्लो सेन्सरवर बसून रीडिंग चुकू शकते, आणि बॉनेटखाली उघडा ठेवलेला फिल्टर इंजिनाचीच गरम हवा ओढतो. आपल्या धुळीच्या रस्त्यांवर साधा कागदी फिल्टर वेळेवर बदललेला बरा.

गाडी पूर्वीपेक्षा जड वाटत असेल, तर आधी हे तपासून घ्यावे:

- काजळीने अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप)
- टर्बोच्या होजवरची तेलकट ओल (तिथे बहुधा भेग किंवा सैल क्लॅम्प सापडतो)
- तुंबलेला डिझेल फिल्टर

रीमॅप करून (ईसीयूचे सेटिंग बदलून) इंधन व बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) बरेच वाढवले असतील आणि मूळ एअरबॉक्स (एअर फिल्टरची पेटी) खरोखर अपुरा पडत असेल, तरच मोठ्या इन्टेकचा विचार करावा.